रॅकवरचा मजला

मुंबईच्या उपनगरात गाळा भाड्यानं घेताना पैसे मोजले जातात ते जमिनीचे. गाळा साकीनाक्याला असो, मरोळच्या एमआयडीसीत असो की घाटकोपर-मुलुंडच्या लाल बहादूर शास्त्री मार्गालगत असो, सौदा होतो तो चौरस फुटांत. छत बारा फुटांवर आहे की अठरा फुटांवर, याचा वेगळा दर कुणी लावत नाही. म्हणून माल वाढला की मालकाची नजर वर जाते. आधी भिंतीलगत रॅक येतात. ते भरले की दोन रॅकांच्या मधल्या वाटेवर, डोक्याच्या वर, चेकर्ड प्लेट किंवा प्लायवूड टाकून माळा केला जातो. बाजूला लोखंडी जिना लागतो. मग खालच्या वाटेवर जसे कामगार फिरतात तसेच वरही फिरू लागतात, आणि तेवढ्याच भाड्यात जागा जवळजवळ दुप्पट होते.

ही युक्ती चुकीची नाही. जगभरच्या मोठ्या गोदामांत रॅकच्याच खांबांवर दोन-दोन, तीन-तीन मजले उभारतात. त्यावर माणसं चालतात, खोकी उचलतात, सरकत्या पट्ट्यांवरून माल खाली पाठवतात. पण ते मजले मजले म्हणून आखलेले असतात. फक्त माल ठेवण्यासाठी घेतलेल्या रॅकवर नंतर सुचलं म्हणून तळ टाकणं हे वेगळं काम आहे, आणि या दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसत नाही. तो हिशेबात दिसतो. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे, कारण उपनगरातल्या हजारो कामगारांचा दिवस अशा माळ्यांवर किंवा त्यांच्याखाली जातो.

उपनगरात ही गरज आत्ताच का वाढली, त्यालाही कारण आहे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तोवर मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांपलीकडे माल साठवायचा आणि लागेल तसा शहरात आणायचा, अशी घडी बसलेली होती. स्वस्त जमीन आणि नाक्याबाहेरची जागा यांमुळे भिवंडी हे देशातल्या मोठ्या गोदामकेंद्रांपैकी एक झालं. भिवंडीतली गोदामं आजही आहेत आणि वाढतही आहेत. पण २०२१नंतर दहा-पंधरा मिनिटांत घरपोच सामान देण्याचा धंदा उभा राहिला आणि त्याला भिवंडी फार लांब पडते. दूध, बिस्किटं, चार्जर, औषधी साबण हे सगळं गिऱ्हाइकाच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत हवं. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या वस्तीतच छोटी गोदामं आली. जिथं जमीन सर्वांत महाग तिथंच साठवण करायची म्हटल्यावर उंची वापरण्यावाचून इलाज उरत नाही.

रॅक उभा कसा राहतो, ते आधी पाहू.

आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा रॅक म्हणजे स्लॉटेड अँगलचा. ओळीनं भोकं पाडलेल्या अँगलच्या पट्ट्या, त्यांना नटबोल्ट, वर पत्र्याच्या फळ्या. दुकानाच्या मागच्या खोलीपासून सरकारी दफ्तरखान्यापर्यंत तो सगळीकडे असतो. या अँगलचं श्रेय डिमिट्रियस कॉमिनो या ग्रीक वंशाच्या, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अभियंत्याला जातं. दर वेळी नवा सांगाडा जोडण्यात आणि मोडण्यात साहित्य वाया जातं, हे त्याला खुपत होतं. १९४७च्या सुमारास लंडनमध्ये त्याच्या डेक्सियन कंपनीनं हा अँगल बाजारात आणला. कुणीही पान्यानं जोडावा, उकलावा आणि परत वेगळा जोडावा, ही त्यामागची कल्पना. हलक्या मालाला हा रॅक पुरतो. टनांत वजन असलेल्या पॅलेटना मात्र वेगळी रचना लागते.

पॅलेट रॅकचे खांब पोलादी पत्रा थंड स्थितीतच रुळांतून वाकवून करतात. पत्र्याची जाडी साधारण दीड ते तीन मिलिमीटर. खांबाच्या अंगावर ठरावीक अंतरावर भोकं असतात. पुढचा आणि मागचा असे दोन खांब तिरप्या पट्ट्यांनी जोडले की एक चौकट होते. अशा दोन चौकटींच्या मध्ये आडवे बीम येतात. बीमच्या टोकाला आकडे असतात, ते भोकांत अडकतात आणि वजनानं घट्ट बसतात. ते खालून धक्का लागून उचलले जाऊ नयेत म्हणून एक छोटी पिन लावतात. खांबाच्या पायाशी बेस प्लेट आणि ती जमिनीत धरून ठेवणारे अँकर बोल्ट. मुख्य जोडणीत वेल्डिंग कुठेच नाही, आणि हेच या रॅकचं बळ आहे. आज दीड मीटरवर असलेला बीम उद्या दोन मीटरवर नेता येतो.

पण याच सोयीमुळे रॅकच्या दोन दिशांची ताकद सारखी राहत नाही. पुढून मागे, म्हणजे चौकटीच्या दिशेनं, तिरप्या पट्ट्यांनी त्रिकोण तयार झालेले असतात आणि त्रिकोण सहजी विस्कटत नाही. वाटेच्या लांबीच्या दिशेनं मात्र बहुतेक रॅकांत तिरपी पट्टी नसते, कारण तिथूनच माल आतबाहेर करायचा असतो. त्या दिशेनं सगळी ओळ कलंडण्यापासून वाचते ती बीमच्या आकड्यांच्या घट्टपणामुळे आणि बेस प्लेटमुळे. आकड्याची ही जोडणी पूर्ण ताठही नसते आणि बिजागरीसारखी पूर्ण सैलही नसते. ती नेमकी किती ताठ आहे, हे कागदावर काढता येत नाही. प्रयोगशाळेत तोडून पाहावं लागतं.

हे काम अगदी याच परिसरात झालं आहे. पवईच्या आयआयटीतले के. एम. बजोरिया आणि आर. एस. तालिकोटी यांनी पॅलेट रॅकमधल्या बीम-खांब जोडणीच्या लवचीकतेवर प्रयोग केले आणि २००६मध्ये 'थिन-वॉल्ड स्ट्रक्चर्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. नेहमीच्या चाचणीत एका खांबाला एकच बीम जोडून त्याच्या टोकावर वजन देतात. त्यांनी खांबाच्या दोन्ही बाजूंना बीम जोडून चाचणी केली, कारण खऱ्या रॅकमध्ये मधल्या खांबाला दोन्हीकडून बीम येतात. पुढे के. के. सांगळे यांच्यासह याच गटानं अशा अर्धताठ जोडण्यांच्या रॅकच्या स्थैर्याचा अभ्यास पुढे नेला. पवईच्या डोंगरापलीकडे विक्रोळीत गोदरेज अँड बॉइसची मोठी वसाहत आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पोलादी मतपेट्या तिथं बनल्या, आणि गोदामांसाठी रॅक व बहुमजली साठवण-रचना बनवणारा विभागही याच कंपनीचा आहे. रॅकचं ज्ञान आणि रॅक बनवणारी कंपनी, दोन्ही या उपनगरांच्या मधोमध आहेत. असं असताना शेजारच्या गाळ्यात अंदाजानं माळा घातला जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खांबाकडे येऊ. शाळेतली तीस सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ती चिरडत नाही, मध्येच बाजूला वाकते. आता तीच पट्टी अर्ध्यावर बोटांनी धरून ठेवा आणि परत दाबा. वाकवायला कितीतरी जास्त जोर लागतो. लिओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं १७४४मध्ये याचा नियम मांडला. सडपातळ खांब किती वजनाला वाकेल, हे त्याच्या आधार नसलेल्या लांबीच्या वर्गावर ठरतं. लांबी दुप्पट केली तर ताकद निम्मी होत नाही, एक चतुर्थांश होते. रॅकच्या खांबाला वाटेच्या दिशेनं मधले आधार देतात ते बीम. म्हणजे बीम दोन कामं करतो. माल पेलतो, आणि खांबाला वाकू देत नाही.

माळा घालताना सर्वांत जास्त होणारी चूक इथंच होते. खालून माणसाला ताठ चालता यावं किंवा स्टॅकर नेता यावा म्हणून सर्वांत खालचा बीम काढतात. पहिला बीम दीड मीटरवर होता, तो गेला की खांबाची मोकळी उंची तीन मीटर होते. वरचं वजन तेवढंच, उलट माळ्यामुळे वाढलेलं, आणि पेलणारा खांब कमजोर. प्रत्यक्षातल्या पातळ पत्र्याच्या खांबाचा हिशेब ऑयलरच्या सूत्राहून किचकट असतो, त्यामुळे घट नेहमी नेमकी चौपट नसते. पण ती मोठी असते आणि बाहेरून कळत नाही. खांब तसाच सरळ, निळा रंग तसाच.

दुसरी गोष्ट वजन कुठं पडतं त्याची. एक उदाहरण घेऊ. दोन चौकटींमधल्या एका खणाची लांबी २.७ मीटर, तीन पातळ्या, प्रत्येक पातळीवर दोन टन माल. मधल्या चौकटीवर दोन्हीकडच्या खणांचा मिळून सहा टन भार येतो आणि तो पुढच्या-मागच्या खांबांत प्रत्येकी तीन टन असा वाटला जातो. आता समोरासमोरच्या दोन रॅकांमध्ये १.२ मीटर रुंदीची वाट आहे आणि तिच्यावर तळ टाकला. एका खणापुरतं क्षेत्र झालं ३.२४ चौरस मीटर. चौरस मीटरला ५०० किलो धरले तर १६२० किलो. यातला अर्धा भार एका रॅककडे गेला, अर्धा दुसऱ्याकडे. मधल्या चौकटीकडे दोन्ही बाजूंच्या खणांतून मिळून ८१० किलो येतात. हे ८१० किलो दोन खांबांत वाटले जात नाहीत, कारण तळ टेकला आहे तो वाटेकडच्या खांबाच्या बीमवर. सगळा भार त्या एकाच खांबावर पडतो. तीन टनांच्या खांबावर सत्तावीस टक्के जास्त, तेही एका बाजूला. रॅकवर लावलेल्या पाटीतलं 'प्रति पातळी २००० किलो' हे बरोबर असूनही खांब मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

शिवाय हा भार हलणारा आहे. पॅलेट एकदा ठेवलं की गप्प बसतं. माणूस चालतो, थांबतो, वाकतो, हातगाडी ओढतो, खोकं आदळतो. पाऊल पडलं की तळ थरथरतो आणि आकड्यांची जोडणी प्रत्येक वेळी थोडी मागेपुढे होते. बीम किती झुकावा याला रॅकच्या युरोपीय मानकात लांबीच्या दोनशेव्या भागाची मर्यादा आहे, म्हणजे २.७ मीटरच्या बीमला साडेतेरा मिलिमीटर. माल ठेवायला एवढा झुकाव चालतो. वर माणूस चालणार असेल तर एवढ्या झुकणाऱ्या तळावर त्याला पाय स्थिर वाटत नाही, म्हणून कामाच्या मजल्याचे बीम जास्त ताठ घ्यावे लागतात.

भार किती धरायचा, याबाबत आपलं भारतीय मानक स्पष्ट आहे. आयएस ८७५च्या दुसऱ्या भागात घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरला आहे. गोदामासाठी साठवणीच्या प्रत्येक मीटर उंचीला २.४ किलोन्यूटन आणि कमीत कमी ७.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७६५ किलो. राहत्या खोलीच्या जवळजवळ चौपट. हलकी यंत्रं असलेल्या कारखान्याच्या मजल्यासाठी हाच आकडा ५ किलोन्यूटन आहे.

हा शेवटचा आकडा उपनगरात फार महत्त्वाचा ठरतो, कारण आपल्याकडच्या औद्योगिक वसाहती बहुमजली आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याची लादी हलक्या यंत्रांसाठी बांधली असेल तर ती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भार गृहीत धरून बांधलेली आहे. वरच्या उदाहरणातला रॅक, एक मीटर खोलीचा, २.७ चौरस मीटरवर सहा टन ठेवतो. म्हणजे चौरस मीटरला बावीसशे किलोहून जास्त. शेजारची सगळी रिकामी वाट धरून सरासरी काढली तरी हजाराच्या आसपास. लादीच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यात माळा अजून धरलेलाच नाही. शिवाय हे वजन लादीवर पसरत नाही. हाताच्या पंजाएवढ्या बेस प्लेटमधून एका जागी तीन टन उतरतात. म्हणून माझं ठाम मत आहे, की लादीचा हिशेब अभियंत्याकडून लिहून मिळाल्याशिवाय वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात पॅलेट रॅक उभाच करू नये. खाली दुसऱ्या कुणाचा तरी गाळा असतो.

मग बरोबर रचना कोणती? मार्ग तीन आहेत. रॅकच्या खांबांवरच तळ टाकायचा, पण सुरुवातीपासून तसा हिशेब करून, जाड खांब आणि जास्त तिरप्या पट्ट्या घेऊन. दुसरा म्हणजे हातानं उचलण्याच्या हलक्या मालासाठी उंच शेल्फ आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन पातळ्यांवर चालायच्या वाटा. किराणा, सुटे भाग, कपडे, औषधं यांना हीच रचना योग्य, आणि घरपोच सामानाच्या गोदामांना तर हीच. तिसरा मार्ग रॅकपासून पूर्ण वेगळा, स्वतःच्या खांबांवर उभा असलेला पोटमजला. त्यात जागा थोडी वाया जाते. पण रॅकला धक्का लागला तर वरच्या माणसाला काही होत नाही, आणि उद्या रॅक हलवायचे झाले तर माळा मोडावा लागत नाही. जुन्या गाळ्यात, जुन्या रॅकांसह काम करायचं असेल तर हा तिसरा मार्गच घ्यावा.

जुन्या रॅकांचा विषय निघालाच आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात बंद पडलेल्या गोदामांचे खांब आणि बीम येतात आणि निम्म्याहून कमी पैशांत जातात. परत वापरायला हरकत नाही, पोलाद नासत नाही. अडचणी दोन आहेत. एका कंपनीचा बीम दुसऱ्या कंपनीच्या खांबात अडकतोही, पण आकडा भोकात नीट बसत नाही आणि जोडणीचा तो ताठपणा हरवतो, ज्यावर सगळी ओळ उभी असते. दुसरं, या रॅकबरोबर कागद येत नाहीत. पत्रा कोणत्या ताकदीचा आणि किती जाड, कोणत्या अंतरावर बीम असताना किती भार, काहीच कळत नाही. मग वेल्डर ते आकडे खांबाला जोडून टाकतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं पातळ पत्र्याची तिथली ताकद बदलते, रंग जळतो आणि मुंबईच्या हवेत तिथूनच गंज धरतो.

गंजाचं इथं वेगळं लक्ष ठेवायला हवं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीकाठच्या कुर्ला-साकीनाका पट्ट्यात तळमजल्यावरचा माल पाण्याखाली गेला. पाणी भरणाऱ्या भागात माल वर ठेवण्याची सवय त्या अनुभवातून अधिकच घट्ट झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण माल वर गेला तरी बेस प्लेट खालीच राहते, दर पावसाळ्यात भिजते, खोक्यांआड दिसेनाशी होते. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्यात अर्धा मिलिमीटर गंज ही मोठी तूट आहे.

पायाकडे दुर्लक्ष केल्यानं काय होतं, हे घाटकोपरला शिकवावं लागत नाही. १३ मे २०२४ला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळला आणि १७ जण गेले. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा फलकाचा पाया अपुरा असल्याचं निष्पन्न झालं. त्याआधी सात वर्षं, २५ जुलै २०१७ला, घाटकोपर पश्चिमेलाच सिद्धी साई ही इमारत पडली आणि तिथेही १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधाराला हात लावला गेल्याचा आरोप झाला. फलक आणि इमारत या रॅकपेक्षा फार वेगळ्या वस्तू. तरी धडे रॅकलाही तेच लागू आहेत. उंच गोष्टीचा पाया तिच्या उंचीच्या हिशेबाचा हवा, आणि भार वाहणारा भाग गैरसोयीचा वाटतो म्हणून काढायचा नसतो.

रॅक पडतात तेव्हा एकटे पडत नाहीत. ओळी वरून पट्ट्यांनी बांधलेल्या असतात, त्यामुळे पडणारी ओळ शेजारच्या ओळीला ओढते किंवा ढकलते. ऑक्टोबर २०२०मध्ये ब्राझीलच्या साओ लुईस शहरात एका मोठ्या घाऊक दुकानातले उंच रॅक ग्राहक आत असताना एकामागून एक कोसळले. एक कर्मचारी तरुणी मरण पावली, आठ जण जखमी झाले. पहिला रॅक झुकल्यापासून सगळे आडवे व्हायला काही सेकंद लागले. वर तळ असेल आणि तळावर माणसं असतील, तर पळायला वेळ मिळणार नाही, असंच समजून रचना करायला हवी. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या भूकंपक्षेत्रात मोडते, म्हणून आडव्या धक्क्याचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

आगीचं गणित तर आणखी कठोर आहे. छताला लावलेल्या स्प्रिंकलरचं पाणी खाली पडावं अशी सगळी योजना असते. मध्ये प्लायवूड किंवा अखंड चेकर्ड प्लेट आली की पाणी माळ्यावरच अडतं आणि खाली आग मोकळी राहते. म्हणून प्रत्येक तळाखाली वेगळे स्प्रिंकलर द्यावे लागतात, किंवा पाणी जाईल अशी जाळीची ग्रेटिंग वापरावी लागते. ग्रेटिंगमधून सुटी वस्तू खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर पडू शकते, हा त्यातला तोटा. त्यामुळे काय साठवणार हे पाहून ठरवावं. पातळ पोलाद लवकर तापतं आणि सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास पोलादाची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. १८ डिसेंबर २०१७च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका फरसाणाच्या गाळ्याला आग लागली, आतला भाग कोसळला आणि १२ कामगार मरण पावले. त्या रस्त्यावरचे गाळे पाहिले की कळतं, आत उंचीवर अडकलेल्या माणसाला बाहेर पडायला एकच जिना पुरत नाही. माळ्याच्या दोन टोकांना दोन जिने हवेत, आणि माळ्यावर रात्री कुणी झोपू नये. गावाकडून आलेल्या मुलाला झोपायला दुसरी जागा नसते हे खरं, पण ती जागा देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

कायद्यात याला आधार आहे. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ३२नं पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर काम करणाऱ्यासाठी कुंपण किंवा तशी व्यवस्था बंधनकारक केली होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२०नं घेतली आहे. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून द्यावं लागतं. मुंबईच्या विकास नियमांत पोटमाळा म्हणजे सामान ठेवण्यासाठीची, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा. माणूस ताठ उभा राहून काम करील असा मधला मजला हा पोटमाळा नव्हे. रॅक विकणारे सांगतात, 'हे बांधकाम नाही, सुटं होतं.' सुटं होतं हे खरं. पण वर उभ्या असलेल्या माणसाचं वजन आणि त्याच्या पडण्याची उंची त्यानं बदलत नाही.

देखभालीची रीत मात्र साधी आहे आणि ती कुठल्याही गाळ्यात उद्यापासून चालू करता येईल. युरोपच्या ईएन १५६३५ या मानकात ती नीट मांडली आहे. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावायची. खांब दिशेप्रमाणे तीन किंवा पाच मिलिमीटरहून जास्त वाकला नसेल तर हिरवा. मर्यादा ओलांडली पण दुपटीच्या आत असेल तर पिवळा, म्हणजे तिथला माल उतरला की परत भरायचा नाही आणि दुरुस्ती करायची. दुपटीहून जास्त असेल तर लाल, म्हणजे लगेच रिकामा करायचा. आठवड्याला जागेवरच्या जबाबदार माणसानं नजर टाकायची, वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यायचं. वाकलेला खांब ठोकून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. ज्या खांबांवर माळा आहे त्यांना खालून हातगाडीचा धक्का लागू नये म्हणून प्रत्येक खांबापुढे जमिनीत ठोकलेला संरक्षक खुंट हवा.

माळ्याच्या कडेचंही एक सांगितलं पाहिजे. कठडा कंबरेच्या वर, साधारण १.१ मीटर, मध्ये एक आडवी पट्टी आणि पायाशी दहा सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे वस्तू घसरून खाली जाणार नाही. हे बहुतेक जण करतात. घात होतो तो माल वर घेण्याच्या जागी. तिथं कठडा नसतो, साखळी असते आणि ती दिवसभर सोडलेलीच असते. त्यासाठी दुहेरी फाटक मिळतं. बाहेरची बाजू उघडली की आतली आपोआप बंद होते, आणि आतली उघडली की बाहेरची. कडेशी उभा असलेला माणूस आणि खालचा खड्डा यांच्यामध्ये सतत काहीतरी राहतं. साधा फॅब्रिकेटरही ते बनवू शकतो.

गाळेमालकांना आणि वसाहतींच्या व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे. या पावसाळ्याआधी आपल्या इमारतीत रॅकवर उभारलेला प्रत्येक माळा शोधा. त्याचा आराखडा कुणी केला, त्या अभियंत्याची सही कुठे आहे, चौरस मीटरला किती किलो चालतात आणि ते मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत जिन्याशी लिहिलेलं आहे का, हे विचारा. खालचा बीम कधी काढला गेला होता का, तेही विचारा. आणि उत्तरं कागदावर मिळेपर्यंत माळा रिकामा ठेवा. वर माल नको, माणूस तर नकोच.